फ्रिज धुतला तरी आठ दिवसांत वास परत येतो, तेव्हा काय काय बघायचं

आधी लक्षणं वाचा आणि आपल्या फ्रिजशी ताडून बघा.

फ्रिज रिकामा केला, सोड्याच्या पाण्याने पुसला, दिवसभर दार उघडं ठेवून वाळवला, तरी आठ-दहा दिवसांत दार उघडलं की तोच ओलसर, कुबट वास येतो. भाजीचा ड्रॉवर बाहेर ओढला की त्याच्याखाली पेलाभर पाणी साचलेलं दिसतं. पालक आणि सांबार (पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर) तिसऱ्या दिवशी काळे पडून चिकट होतात. दाराच्या रबरावर काळे ठिपके येतात, घासले की जातात आणि पुन्हा येतात. आतल्या मागच्या भिंतीवर थेंब धरतात. कधी फ्रिजच्या खालून पाण्याची बारीक धार फरशीवर येते आणि घरात एकमेकांना विचारणं सुरू होतं, पाणी कोणी सांडलं म्हणून. ज्या आठवड्यात लाइन जास्त गेली, त्या आठवड्यात हे सगळं वाढतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर तुमच्या धुण्यात काही कमी नाही. फ्रिजमध्ये रोज थोडं थोडं पाणी तयार होतं. त्याला बाहेर जायची एक वाट असते, आणि ती वाट कुठेतरी अडलेली असते. आपण काचा घासतो, ड्रॉवर घासतो, दार घासतो आणि ती वाट तेवढी राहून जाते.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १४ किलोमीटरवर. घरी सिंगल डोअरचा १९० लिटरचा फ्रिज आहे. नणंद तालुक्याच्या गावी फ्लॅटमध्ये राहते, तिच्याकडे डबल डोअर. माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. या तिन्ही घरचे आणि आमच्या गल्लीतले पाच-सहा, एवढे फ्रिज मी याच एका तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा उघडले आहेत. नणंदेचा फोन तर ठरलेला असायचा, "वहिनी, तीनदा धुतला वो मी, तरी वास येतेच." म्हणून आता ज्या क्रमाने मी बघते तो क्रमच लिहून देते. फुकटचं आणि सोपं आधी, खर्चाचं आणि अवघड शेवटी.

हे पाणी येतं कुठून, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचतं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. तिच्यातली वाफ सगळ्यात थंड जागी, म्हणजे फ्रीजरपाशी, बर्फ होऊन बसते. तो बर्फ वितळला की पाणी एका पन्हाळीत उतरतं, तिथून एका छोट्या छिद्रातून नळीत आणि नळीतून फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरवर ठेवलेल्या ट्रेमध्ये. कॉम्प्रेसर गरम असतो, त्या उष्णतेने पाणी उडून जातं. चोवीस तास लाइन असलेल्या शहरात हे ठरलेल्या वेळीच होतं. आपल्याकडे तसं नाही. दुपारी चार तास लाइन गेली की फ्रीजरमधला बर्फ पाझरायला लागतो, लाइन आली की पुन्हा गोठतो. म्हणजे जे छिद्र शहरात कधीमधी कामाला येतं, त्याच छिद्रातून आपल्याकडे वारंवार पाणी जातं. त्यात पाल्याचा एखादा तुकडा अडकला की काम थांबलंच.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. फ्रिजच्या दांडीला किंवा अंगाला हात लावल्यावर कधीही झिणझिण्या आल्या असतील, अगदी हलक्या, पाय ओले असतानाच आल्या असतील तरी पुढचं काहीही करू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, तिथपासून फ्रिजला हात न लावता वायरमनला बोलवा. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग असतंच असं नाही, आणि असलं तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की ते नीट काम करत नाही. धुण्याच्या कामात हात ओले, फरशी ओली, पाय अनवाणी. अशा वेळी तो हलका झटका हलका राहत नाही. ज्यांच्याकडे असं काही नाही त्यांनीही नुसतं बटण बंद करून भागवू नये, पिन बोर्डातून काढावी आणि मगच पुढे जावं.

आता तपासणी.

सगळ्यात आधी आतलं सामान. यावर जास्त लिहीत नाही, कारण हे प्रत्येकीला माहीत आहे. पण दार धरून सगळ्यात मागची वाटी, बर्फाच्या ट्रेमागे सरकलेली सुकटीची पुडी, दाराच्या कप्प्यात सांडून वाळलेलं ताक, एवढं तरी बघाच. महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फ्रिज गच्च भरतो. गंजाला गंज (पातेल्याला पातेलं) लागले की गार हवा फिरत नाही, मागचं अन्न थंडच होत नाही आणि वास तिथून सुरू होतो. आंबलेलं फेका, उरलेल्यावर झाकण घाला, गंजांमध्ये दोन बोटं जागा ठेवा. वास यानेच गेला तर पुढचं काही करू नका.

वास राहिला तर पेलाभर पाण्याची परीक्षा घ्या. ही माझी सगळ्यात भरवशाची परीक्षा आहे आणि हिला एक पैसा लागत नाही. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीजरखालचा ट्रे काढा. मागच्या भिंतीला एक पन्हाळी दिसेल, तिच्या मधोमध करंगळीच्या टोकाएवढं छिद्र असतं. काही मॉडेलमध्ये ते आणखी खाली, भाजीच्या ड्रॉवरच्या वरच्या अंगाला असतं. त्या पन्हाळीत अर्धा पेला कोमट पाणी हळूहळू ओता. पाणी गटकन खाली गेलं आणि मागच्या ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला तर वाट मोकळी आहे. पाणी तिथेच डबक्यासारखं राहिलं, किंवा भिंतीवरून ओघळून ड्रॉवरखाली आलं, तर दुखणं सापडलं.

गेल्या श्रावणात गल्लीतल्या एका घरी ही परीक्षा घेतली. पाणी हलेना. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणली, सुई काढून टाकली, कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला. सिरिंजचं तोंड छिद्राला घट्ट लावलं आणि हळू दाबलं. पहिल्यांदा पाणी उलटं अंगावर आलं. दुसऱ्यांदाही तसंच. मग दांडा मागे ओढला, तेव्हा छिद्रातून काळपट, जेलीसारखी एक गाठ वर आली, आणि तिच्यात सांबाराची आख्खी काडी, पानांसकट. ती काडी बोटभर लांब होती. बाहेर येताच असा वास सुटला की घरातली पोरं नाक धरून ओसरीत पळाली. आठ दिवस घर ज्या वासाला कंटाळलं होतं तो हाच. त्यानंतर पाच-सहा सिरिंज पाणी सोडलं, मागून स्वच्छ पाणी यायला लागल्यावर थांबले.

यात काय करायचं नाही तेही सांगते. तार, विणकामाची सुई, सायकलची ताडी (चाकातली तार, स्पोक) छिद्रात घालू नका. आतली नळी प्लास्टिकची असते आणि तिला वळण असतं. ती फाटली की पाणी थेट फ्रिजच्या अंगातल्या फोममध्ये मुरतं, आणि मुरलेला फोम वाळवायला काही उपाय नाही. फार तर कानातल्या काडीसारखं मऊ काही तोंडाशी फिरवा. उकळतं पाणी ओतू नका. नळीत बर्फ अडकला असेल तर पिन काढून, दार उघडं ठेवून चार-पाच तास थांबा, बर्फ आपोआप सुटतो.

डबल डोअरवाल्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ आपोआप वितळवायला हीटर असतो, आणि पाण्याचं छिद्र बहुतेक वेळा फ्रीजरच्या मागच्या पॅनलच्या आत असतं. ते बाहेरून दिसत नाही. नणंदेच्या फ्रिजमध्ये फ्रीजरच्या तळाला काचेसारखा बर्फाचा थर धरायचा आणि खाली भाजीवर थेंब पडायचे. ती तो थर पुसून काढायची, दहा दिवसांत पुन्हा तोच. असा थर दिसला तर पॅनलचे स्क्रू स्वतः खोलू नका. मागे पंखा, हीटर, वायरी, सगळं एकत्र असतं. हे मेकॅनिकचं काम आहे. तिच्याकडेही मेकॅनिकने पॅनल काढून छिद्र मोकळं केलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

वाट मोकळी असेल तर आता दाराचं रबर बघा. रबर नीट बसलं नाही की दिवसरात्र दमट हवा आत येते आणि वर सांगितलेलं पाणी दुपटीने तयार होतं. रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावून फ्रिजमध्ये ठेवा, दार लावा. फटीतून उजेड कुठे दिसतो ते बघा. दुसरी परीक्षा कागदाची. वहीचा कागद दारात अडकवून दार लावायचं आणि ओढायचं. सहज निसटला तर तिथे रबर सैल आहे. असं दाराच्या चारही बाजूंनी करा, बिजागरीकडच्या बाजूला विसरू नका, कारण तिथेच रबर जास्त दबून आखडतं.

रबराच्या घड्या उलगडून बघितल्यात का कधी? आत पोळीचे कण, साखर, मुंग्या आणि काळी बुरशी असते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा, जुना टूथब्रश, आणि घडी बोटाने उघडून घासायचं. मग साध्या पाण्याने पुसायचं आणि कोरड्या फडक्याने टिपायचं. टिपणं राहिलं की ठिपके परत येतात, एवढंच त्याचं कारण. रबर नुसतं आखडलं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्या जागी दाबून धरा, दोन-चार वेळा केलं की ते फुगून जागेवर बसतं. चिरलं असेल तर नवीन घ्यावं लागतं. मॉडेल नंबर सांगून मागवा, अंदाजे आणलेलं बसत नाही.

माझ्या माहेरी इथे एक जास्तीची अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं. त्या पाण्याने फ्रिज पुसला की वाळल्यावर पांढरा थर राहतो, रबर खरखरीत होतं आणि बंद नीट होत नाही. मामी म्हणायची, "काऊन गं, साबण कमी पडला का?" साबणाचा काही संबंध नव्हता. खारपाणपट्ट्यातल्या बायांनी धुवायला बोअरचं पाणी वापरलं तरी शेवटचा हात प्यायच्या पाण्याने फिरवावा. दोन तांबे पाणी पुरतं.

ब्लीचिंग पावडर आणि संडासचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, फ्रिजसाठीही नाही आणि कशासाठीही नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि काचेचे कप्पे गारेगार असताना गरम पाण्यात घालू नका, तडकतात.

पुढे फ्रिजची बैठक. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित उंच हवी, म्हणजे दार अर्धं सोडलं की आपोआप लागतं आणि आतलं पाणी मागच्या छिद्राकडे वाहतं. आपल्या घरांत शहाबादी फरशी कुठे दबलेली असते, कुठे उचललेली. फ्रिज पुढे झुकला असेल तर पाणी छिद्राकडे न जाता ड्रॉवरखालीच येणार, छिद्र कितीही साफ करा. पुढचे पाय फिरवून उंच करता येतात. स्टँडवर ठेवला असेल तर स्टँडचे चारही पाय टेकलेत का ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण या पाच मिनिटांनी मी दोन घरांचं दुखणं संपवलं आहे.

आता फ्रिज ओढून मागे जायचं. हे एकटीने करू नका, दोघं लागतात. पिन काढलेली असावी आणि फ्रिज बंद करून अर्धा तास झालेला असावा, नाहीतर कॉम्प्रेसर भाजतो.

मागे खाली काळा घुमटासारखा कॉम्प्रेसर दिसेल, त्याच्यावर प्लास्टिकचा ट्रे. तोच तो शेवटचा मुक्काम. फ्रिज आला तेव्हापासून हा ट्रे कोणी बघितलेला नसतो. पाण्याच्या तळाशी चिखल, झुरळाचे पंख, आणि आमच्या घरी तर एकदा मेलेलं पालीचं पिल्लू होतं. उन्हाळ्यात हे पाणी लवकर उडून जातं, म्हणून वास येत नाही. श्रावण-भाद्रपदात हवाच दमट, पाणी उडत नाही, सडतं, आणि आपल्याला वाटतं वास फ्रिजच्या आतून येतो. ट्रे खाचेत बसवलेला असेल तर हळूच सुटतो. स्क्रूने बसवलेला असेल तर ओढाताण करू नका, सिरिंजने किंवा स्पंजने पाणी टिपून घ्या आणि फडक्याने पुसा.

या ट्रेबद्दल आणखी एक महत्त्वाचं. डेंग्यूचा एडिस डास असल्याच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आशाताई दारोदारी फिरून कूलर आणि टाकी बघतात, पण फ्रिजची मागची बाजू आपल्यालाच बघावी लागते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, घरातली पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळता त्याच दिवशी, हाही ट्रे कोरडा करा. घरात कुणाला ताप येऊन गेला असेल तर हे अजिबात पुढे ढकलू नका.

ट्रेच्या वर काळी जाळी असते, तिच्यातून फ्रिजची उष्णता बाहेर पडते. आमच्याकडे कापूस वेचून आणला की विकेपर्यंत घरातच एका खोलीत साठवतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरभर त्याचे तंतू उडतात, आणि या जाळीवर येऊन बसतात. मी एकदा माझ्याच फ्रिजची जाळी झाडली तेव्हा मूठभर कापूस निघाला, धुळीने करडा झालेला, गोधडीच्या थरासारखा. जाळीने गोधडी पांघरली तर उष्णता बाहेर पडणार कशी? मग कॉम्प्रेसर थांबतच नाही, आत गारवा येत नाही, अन्न आंबतं. कोरड्या ब्रशने वरून खाली झाडा, पाणी लावू नका. तुमच्या फ्रिजला मागे जाळी नसेल आणि बाजूच्या भिंती गरम लागत असतील तर त्याच्या नळ्या भिंतींच्या आत आहेत, तिथे झाडायला काही नाही, पण त्या बाजूंना मोकळी जागा ठेवा. फ्रिजवर विणलेलं कव्हर घालतात, ते बाजूंनी खाली लोंबत असेल तर काढा.

मागच्या डब्यात उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेली वायर दिसली तर तिथेच थांबा. वायरला टेप लावून चालवू नका.

उन्हाळ्याबद्दल दोन शब्द. फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो, त्यात 'टी' म्हणजे उष्ण प्रदेशासाठी. हा वर्ग भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतो. नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) आपल्याकडे पारा ४५-४६ वर जातो, आणि टिनाच्या छताखालचं स्वयंपाकघर बाहेरपेक्षाही तापतं. अशा दुपारी फ्रिज सतत चालत असेल तर तो बिघडलेला नसतो, त्याच्यावर त्याच्या ताकदीपलीकडचं काम पडलेलं असतं. त्याला चुलीपासून, गॅसच्या शेगडीपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर घ्या, मागे वीतभर जागा सोडा. कूलरची दमट हवा थेट फ्रिजच्या दारावर येऊ देऊ नका, दार उघडलं की तीच हवा आत जाऊन पाणी होते.

नॉबवरचा आकडा म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा तेवढा गारवा जास्त. खालच्या कप्प्यात ४ ते ५ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८ असं धरून चालायचं. ताप मोजायच्या थर्मामीटरने हे कळत नाही. फ्रिजचा वेगळा थर्मामीटर मिळतो, तो पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दार उघडताक्षणी बघायचा.

सिंगल डोअरमध्ये फ्रीजरला करंगळीच्या अर्ध्या जाडीचा बर्फ धरला की नॉबच्या मधलं बटण दाबून तो काढा. रात्री दाबा, सकाळपर्यंत सुटतो, पाणी मागे जातं, लागलं तर खालचा ट्रे रिकामा करायचा. सराट्याने (उलथन्याने), पेचकसाने, विळ्याच्या टोकाने बर्फ फोडू नका, हे मी हात जोडून सांगते. फ्रीजरची ती भिंत पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्यातूनच गॅस फिरतो. एक टोक लागलं की फुस्स आवाज येतो आणि फ्रिज संपतो. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तो पेट घेतो. असा आवाज आला तर शेगडी, उदबत्ती विझवा, दार-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि मेकॅनिकला बोलवा.

लाइन जाते त्याचं काय करायचं, हे आपल्या गावांत टाळता येत नाही. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, तोही खोली फार तापलेली नसेल तर. लाइन गेल्यावर दार उघडायचं नाही, हाच मोठा उपाय. दोन बाटल्या तीन चतुर्थांश भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा. पूर्ण भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बाटली फुटते. लाइन गेली की त्यातली एक खालच्या कप्प्यात ठेवा. मे महिन्यात लाइन चार तासांच्या वर गेली असेल तर उरलेला भात, मटण, मच्छी आणि दूध वास न बघता टाकून द्या. बिघडलेल्या अन्नाला दरवेळी वास येतोच असं नाही. टाकताना जीव हळहळतो, माझाही हळहळतो, पण लेकराला जुलाब लागल्यावर तालुक्याला धावणं जास्त जड जातं.

लाइन आल्यावर लगेच फ्रिज चालू होऊ देऊ नका. आत गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसरने उठायचा प्रयत्न केला की "टक" असा आवाज येतो आणि तो बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा "टक". बरेच स्टॅबिलायझर हे थांबणं स्वतः करतात. नसेल तर लाइन गेल्याबरोबर बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचा हंगाम आला, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, दिवे पिवळे होतात. अशा वेळी स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा. फ्रिजच्या स्टिकरवर जी मर्यादा लिहिली आहे तिच्याखाली आकडा असेल तर फ्रिज बंद ठेवलेला बरा. रोजच असं होत असेल तर वायरमनकडून घरातली जोडणी तपासून घ्या, आणि डीपीवरच (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरच) कमी येत असेल तर गल्लीने मिळून अर्ज द्या.

इथवर सगळं केलं आणि तरी त्रास राहिला, तर थांबायची वेळ आली. मी स्वतः याच्या पुढे जात नाही. प्लगपाशी किंवा कॉम्प्रेसरपाशी जळका, किंवा घरात मच्छी नसताना मच्छीसारखा वास आला, तर ती तापलेल्या वायरीची खूण असते. बटण लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा, उद्यावर ठेवू नका. कॉम्प्रेसर तासन्‌तास चालतो पण फ्रीजरच्या अर्ध्याच भागावर बर्फ धरतो, नुसता "टक टक" आवाज येतो, फ्रॉस्ट-फ्रीमध्ये मागच्या पॅनलवर बर्फ चढतो, आतली भिंत दाबली तर मऊ आणि ओली लागते, या सगळ्यांना मेकॅनिक लागतो.

मेकॅनिक आला की त्याला "थंड होत नाही" एवढंच सांगू नका. लक्षणं सांगा, काय काय तपासलं ते सांगा. माझ्या एका नातेवाइकांकडे एका मेकॅनिकने दोनदा गॅस भरला, दोनदा पैसे घेतले, आणि वास व पाणी जागच्या जागीच. अडलं होतं छिद्र. फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस महिना-दोन महिन्यांत पुन्हा जातो. म्हणून गॅस भरायचं म्हटलं की विचारा, "भाऊ, गळती कुठे आहे ते दाखवा, आणि ती बंद करूनच भरा." चांगला मेकॅनिक या प्रश्नाचा राग मानत नाही.

दुरुस्ती घरी केलेली असो की मेकॅनिकने, फ्रिज चालू केल्यावर आठव्या दिवशी भाजीचा ड्रॉवर काढा आणि खालच्या तळावरून कोरडं बोट फिरवा. कोरडं लागलं तर सांबार कागदात गुंडाळून, काड्या न मोडता, झाकणाच्या डब्यात ठेवायला लागा. ओलं लागलं तर पुन्हा अर्धा पेला पाणी घेऊन त्या छिद्रापासूनच सुरुवात करा.